रेखलालभाऊंची प्रतवारी

रेखलालभाऊंच्या पुढे काहीही ठेवा, ते आधी त्याची प्रत ठरवणार. चहाचा पहिला घोट घ्यायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "साधारण." माझ्या दवाखान्यातली लाकडी बाकं 'अ' प्रतीची, पंखा 'साधारण', आणि भिंतीवरचं कॅलेंडर, ज्याचं पान दोन महिने कुणी उलटलं नव्हतं, ते "नामंजूर, परत न्या." हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्यानं चालायचं की मला आधी वाटलं, हा माणूस माझी टर उडवतोय. मला राग पटकन येतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर टवाळीचा मागमूस नसायचा. धंद्याची सवय हाडात मुरली होती, दुसरं काही नाही.

तिरोड्याजवळच्या एका धान खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. शेतकरी ट्रॅक्टर भरून धानाचे कट्टे, म्हणजे पोती, आणायचे. रेखलालभाऊ कट्ट्यात परखी खुपसायचे, म्हणजे ती टोकदार पोकळ सळई, आणि तिच्यातून ओंजळभर दाणे तळहातावर ओढून घ्यायचे. खडा किती, पोचट किती, रंग कसा, ते एका नजरेत व्हायचं. मग एक दाणा दाताखाली. कट् असा आवाज आला की धान कोरडा. दाणा नुसता दबला की ओला. ओल मोजायचं मशीन होतं केंद्रावर, पण ते नंतर. "मशीनले मी आपली सही म्हनून लावतो जी," ते म्हणायचे. "माहा दात आजवर चुकला नाही." आणि खरंच चुकत नसे, असं त्यांच्यावर चिडलेले लोकही कबूल करायचे.

पहिल्यांदा ते माझ्याकडे आले तेव्हा मात्र कशाचीच प्रत लावायचं भान त्यांना नव्हतं. चाळिशी ओलांडलेला उंचापुरा माणूस. आत आला आणि बाकावर उकिडवा बसला, गुडघे छातीशी घट्ट धरून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून. मी म्हटलं, "टेबलावर झोपा, पोट बघते."

"झोपलो का पाठीतून सुरी निघते जी. असंच पाहा."

असं पुढे वाकून बसलं की बरं वाटणारं, पोटातून पाठीत घुसणारं दुखणं आम्हा डॉक्टरांना ओळखीचं असतं. स्वादुपिंड. जठराच्या मागे आडवी पडलेली ती ग्रंथी अन्न पचवायचा रस करते आणि साखरेवर लगाम ठेवते. आणि आमच्या भागात स्वादुपिंड म्हटलं की पुढचा प्रश्न डॉक्टरच्या तोंडातून आपोआप बाहेर पडतो. मी विचारलं, "किती घेता? मोहाची की दुकानातली?"

"नाही घेत."

त्यांची बायको इमलाबाई दाराशी उभी होती. तिला मी बाहेर पाठवलं आणि आवाज खाली आणून पुन्हा विचारलं. नाही. तपासणी झाली, सुई टोचून झाली, त्यांचा चेहरा जरा सैल पडला, तेव्हा मी तिसऱ्यांदा विचारलं. डॉक्टरला खरं सांगावं, वगैरे प्रस्तावना करून.

रेखलालभाऊंनी मान वर केली. "डॉक्टरीनबाई, संशय आला का मी बी कट्ट्यात तीनदा परखी मारतो. तुमी मारा, काही हरकत नाही. पन तिन्ही डाव एकच दाना निघन."

मी ओशाळले. त्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, हे पुढे पक्कं कळलं. काहींना ही व्याधी तरुणपणीच, काही कारण न देता धरते, आणि कारण सापडत नाही म्हटल्यावर लोक आपापलं कारण चिकटवतात. ज्यांचा धान नामंजूर व्हायचा ते केंद्राच्या फाटकाबाहेर उभे राहून बोलायचे, "पिऊन पिऊन पोट सडवलं यानं, आनि आमचा माल पाहाले दात दाखवते." रेखलालभाऊंना पोटाच्या कळेपेक्षा हे जास्त लागायचं. बिडी मात्र ओढायचे. ती सोडा म्हणून मी सांगितलं त्याच दिवशी खिशातला बिडीचा कट्टा काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "नामंजूर," म्हणाले. पुन्हा ओढली नाही.

त्याच हंगामात माझ्यावरही त्यांची परखी चालली. माझ्या वाट्याच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, माझा चुलतभाऊ कसतो. त्यानं धान त्याच केंद्रावर नेला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, हा डॉक्टरीनबाईचा माल आहे. रेखलालभाऊंनी दाणा चावला, थुंकला आणि म्हणाले, "परत न्या. वाळवा. मंग आना." भावानं तिथूनच मला फोन लावला. दवाखान्यात गर्दी, त्यात हा तमाशा. मी तडकून म्हटलं, द्या त्यांच्याकडे फोन.

"काय हो रेखलालभाऊ, मी तुम्हाला सुई टोचायची आणि तुम्ही माझे कट्टे परत पाठवायचे?"

"मी नाही म्हनत जी, दाना म्हनते."

मी फोन ठेवला. भावानं चार दिवस अंगणात धान पसरला, पायानं खालीवर केला आणि पुन्हा नेला. त्या दिवशी दुपारी रेखलालभाऊंचा आपणहून फोन आला. आवाजात माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद. "बाई, पास! 'अ' मध्ये गेला तुमचा धान. आता मी सांगून राहिलो होतो ना? नामंजूर म्हंजे माल संपला असं नसते जी. ओल गेली का तोच दाना सुधरते." मी हसले आणि रागही गेला. या वाक्यावर पुढे कधी मला रडू येईल, हे तेव्हा काय माहीत.

नागपूरला सीटी स्कॅन झाला. स्वादुपिंडात खडे होते, रस वाहून नेणारी नळी अडून फुगली होती, ग्रंथीच्या निमुळत्या टोकाला पाण्याची एक गाठ. अहवाल घेऊन दोघं नवराबायको आले तेव्हा मी मनाशी म्हटलं, या माणसाला त्याच्याच भाषेत सांगावं. पॅडच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन खण आखले. म्हटलं, आमच्यातही प्रतवारी असते. पहिला खण 'अ': दुखणं येतं, जातं, पण ग्रंथी आपलं काम नीट करते. दुसरा 'ब': खडे, अडलेली नळी, गाठ, म्हणजे भानगडी सुरू झाल्या, तरी अन्न पचतं, साखर ताब्यात असते. तिसरा 'क': ग्रंथीचं कामच थांबत येतं. तेलतूप पचत नाही, माणूस खाऊन खाऊन वाळतो, साखर वाढते.

त्यांनी कागद हातात घेतला. दाणे बघावेत तसे डोळे बारीक करून बघत राहिले. "मी कोनत्या खान्यात?"

"ब."

"आनि समजा क मध्ये गेलो, तं तिकून वापस?"

"नाही."

"वाळवून बी नाही?"

"नाही हो भाऊ. हे धान नाही. तिथून कुणी परत येत नाही."

इमलाबाईनं पदर तोंडाला लावला. रेखलालभाऊंनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "मंग मले ब वर धरून ठेवा जी. तुमी सांगान ते करतो. तिकडं जाऊ देऊ नका." मी म्हटलं, नाही जाऊ देणार. अशी आश्वासनं डॉक्टरनं देऊ नयेत. मी दिलं.

पुढची दोन वर्षं हा माणूस शब्दाला जागला. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून नळीतले काही खडे फोडून काढले. तळलेलं बंद, लग्नातल्या पंगतीत सुद्धा वरणभातावर भागवायचे. जेवणासोबत पचनाची कॅप्सूल न चुकता. केंद्रावर कळ आली तर कट्ट्यांच्या थप्पीवर छाती टेकवून वाकायचे आणि तसेच वाकून दाणे चावायचे. नवीन शेतकऱ्यांना वाटायचं, साहेब फारच बारकाईनं बघतात. त्यांनी एक वही केली होती. तिच्यात दुखण्याची प्रतवारी, स्वतः ठरवलेली. 'उभ्यानं' म्हणजे काम करता करता सोसलं. 'वाकून' म्हणजे थप्पी लागली. 'गुडघ्यात' म्हणजे पहिल्या दिवशी माझ्याकडे आले होते तसं. दर महिन्याला माझ्यापुढे बसून वाचून दाखवायचे. "उभ्यानं अकरा, वाकून चार, गुडघ्यात दोन."

आणि मी काय करायचे? ते आत आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला. "काय भाऊ, दुखणं कसं आहे?" वही मी कान देऊन ऐकायचे. आकडा कमी झाला की माझा चेहरा खुलायचा, वाढला की पडायचा. वजन नर्स घ्यायची, साखर लॅबवाला सांगायचा, ते मी कागदावर उतरवून मोकळी व्हायचे. संडासाबद्दल एकदाच विचारलं, कशी होते, चिकट, तेलकट? बाईमाणसानं हे विचारलं म्हणून ते इतके लाजले की छताकडे बघत "होते जी, होते" एवढंच बोलले. मीही मग तो विषय सोडून दिला. त्या तीन खणांत दुखणं हा एक भाग होता फक्त. पण मी त्याचीच चौकशी इतक्या आवडीनं केली की आपली प्रत मोजायचं मशीन म्हणजे दुखणंच, हे त्या माणसानं माझ्या तोंडावरून ठरवलं.

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता ते आले. तापाची साथ होती, बाकं भरून लोक बाहेर ओट्यावर बसले होते, आणि माझी नर्स रजेवर. रेखलालभाऊ आत आले ते ताठ. वही उघडून माझ्यापुढे धरली. पानं कोरी.

"चार महिने झाले जी. उभ्यानं बी नाही. काहीच नाही."

"वा! शाबास!" मी खरोखर टेबलावर हात आपटला. मला वाटलं, नळी मोकळी झाली, त्याचं हे फळ. त्यांचा शर्ट सैल दिसला होता. हे मी आज मागून जोडत नाही. त्या दिवशी दिसला होता, आणि मी स्वतःशीच म्हटलं की उन्हापावसात राबणारा माणूस, उतरला असेल जरा. वजन करायला नर्स नव्हती. साखर पुढच्या वेळी बघू. कागदावर लिहिलं: वेदना नाही, प्रकृतीत चांगली सुधारणा, सहा महिन्यांनी यावे.

त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "म्हंजे सुधरलो?"

"सुधरलात."

"म्हंजे... अ?"

बाहेर एक लेकरू रडत होतं, कुणीतरी दार ढकलत होतं. मी हसून म्हटलं, "अ च्या जवळपास आलात म्हणा ना!"

असे खूश झालेले रेखलालभाऊ मी त्याआधी पाहिले नव्हते. जाताना दारातून वळून त्यांनी मला नमस्कार केला. तो कागद त्यांनी म्हणे केंद्रावर सगळ्यांना दाखवला, दारूची कुजबुज करणाऱ्यांना तर मुद्दाम.

सहा महिने झाले, ते आले नाहीत. मलाही आठवण राहिली नाही. मे महिन्याच्या मध्यावर इमलाबाई त्यांना घेऊन आली, म्हणजे ओढूनच आणलं. मी त्यांना ओळखलंच नाही. गालांची हाडं वर आलेली, मनगटं काडीसारखी, पँट सुतळीनं आवळलेली. आणि या सगळ्यावर प्रसन्न हसू.

"एक डाव बी दुखलं नाही जी! हे उगाच घेऊन आली मले."

"उगाच?" इमलाबाई तडकली. "बाई, खाते तं दोन मानसाचं, जाते कुठं मालूम नाही. पानी तं घागरच्या घागर. आनि संडासात पान्यावर तेल तरंगते जी, तेल!"

"अवो, चूप ना!"

"काऊन चूप राहू? बरी लाज सुचून राहिली तुमाले!"

त्यांना काट्यावर उभं केलं. जुन्या कागदावरच्या वजनात आणि या वजनात चौदा किलोंचा फरक. बोटाला टोचून साखर बघितली, आकडा बघून दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा बघितली, तोच आकडा. कॅप्सूल? त्या त्यांनी हिवाळ्यातच बंद केल्या होत्या. मी ओरडले, का बंद केल्या? ते शांतपणे म्हणाले, "पास मालाले पुन्हा चाळनी काऊन मारू?"

मला सगळं एका क्षणात कळलं. या माणसाच्या हिशेबी दुखणं म्हणजे ओल होती. ओल उडाली म्हणजे दाणा सुधारला, नामंजूरचा पास झाला. आयुष्यभर त्यानं हेच बघितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. धानाच्या बाबतीत खोटं नव्हतं. मी सांगायला सुरुवात केली. म्हटलं, भाऊ, तुम्ही क मध्ये गेला आहात.

"दुखत नाही, तं क कसा?"

"म्हणूनच. दुखायला ग्रंथी जिवंत लागते. ती जळत जळत संपली की कधी कधी दुखणंही थांबतं. ते बरं होणं नसतं."

इमलाबाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी हाताचे तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत म्हणाले, "पोचट."

"काय?"

"पोचट दाना, बाई. वरून टरफल असते, आत तांदूळच नसते. मशीनले लावा, सगळ्यात कोरडा तोच निघते. ओल धराले आत काही पाहिजे ना?" ते हसले, आणि ते हसू मला बघवलं नाही. "पोरासोरांले समजते हे. आनि मी इतक्या वर्षांचा ग्रेडर, पोचटाले पास करून बसलो. चूक माहीच हाय जी. तुमी पहिलेच कागदावर खाने पाडून सांगतलं होतं का तिकून वापसी नाही. मीच अ समजून बसलो."

इथे मी बोलायला हवं होतं. 'अ च्या जवळपास' हे शब्द माझे होते. शाबास माझं होतं, ती सही माझी होती, वजन मी केलं नव्हतं. खरं तर तोंड उघडलंही होतं. पण समोर बायको बसलेली, बाहेर गर्दी, गावात माझं नाव. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी. आता पुढचं बघू." किती सोयीचं वाक्य! त्यात चूक कुणाचीच राहत नाही, म्हणजे ज्यानं आधीच कबूल केली त्याच्याच पदरात पडते.

त्यानंतर ते दर पंधरा दिवसांनी येऊ लागले. इन्सुलिन स्वतः टोचून घ्यायला शिकले, कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या, जे सांगितलं ते सगळं केलं. वजन दोन किलो वाढलं, मग तिथेच अडलं. पण माझ्यापुढे आता ते चोरासारखे बसायचे, बाकाच्या अगदी कडेला. चहा दिला तर पिऊन कप खाली ठेवायचे, काही म्हणायचे नाहीत. मी एकदा मुद्दाम विचारलं, "कशी प्रत आहे चहाची?" ते म्हणाले, "चांगला हाय जी." हे असं उत्तर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबरात कळलं की नव्या हंगामासाठी त्यांनी ग्रेडरचं काम सोडलं. अशक्तपणामुळे असेल म्हणून मी विचारलं, तर नाही. केंद्र चालवणाऱ्या सोसायटीच्या लोकांनी खुर्चीवर बसून काम करा, परखी दुसरं कुणी मारेल, असंही सुचवलं होतं. यांनीच नकार दिला. "ज्याले सोताचा पोचट नाही समजला, त्यानं लोकायच्या धानाले दात कोन्या तोंडानं लावाव?" म्हणाले. मला कानफटात बसल्यासारखं झालं. त्याही दिवशी मी गप्प राहिले. मनाशी घोकलं की पुढच्या वेळी नक्की सांगायचं: भाऊ, तुमचा दात चुकला नाही, मी तुम्हाला चुकीचं मशीन हातात दिलं. पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर गावचं कुणी आलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी मला गोंदियाला मीटिंग होती. त्याच्या पुढची वेळ आली नाही.

डिसेंबरच्या थंडीत ते गेले. न्यूमोनिया झाला. गोंदियाला नेलं तेव्हा उशीर झाला होता आणि अंगात झुंजायला काही शिल्लक नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. मला हे माझ्या नर्सकडून कळलं, तेही दोन दिवसांनी.

तेरवी झाल्यावर मी त्यांच्या गावी गेले, बोदलकसा तलावाच्या रस्त्यावर, आतल्या बाजूला. अंगणात ऊन होतं. इमलाबाई सुपात डाळ पाखडत बसली होती. मला बघून उठली, बाज टाकली, घरात जाऊन चहा ठेवून आली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते मी, तो नव्हता. त्यामुळे जास्तच अवघड झालं.

मी विचारलं, "वहिनी, खोकला किती दिवस होता? मला फोन का नाही केला?"

"आठ दिस झाले होते जी. शेवटचे चार दिस तं दम लागून राहिला होता." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी म्हनलं, डॉक्टरीनबाईले फोन लावतो. लावूच देल्ला नाही. म्हने, त्या बाईनं मले पहिलेच बरोबर सांगतलं होतं, मीच माह्या हातानं नास केला. आता कोन्या तोंडानं जाऊ तिच्यापुढं? बरं वाटलं का मंग जाऊ, म्हने. जरा वजन वाढलं का जाऊ. लाज वाटे जी त्याईले तुमची."

चार दिवस. चार दिवसांनी त्या फुप्फुसात काय फरक पडला असता, ते मी डॉक्टर म्हणून सांगू शकते. पडला असता.

चहा आला होता, तो माझ्या हातात गार होत होता. मी म्हटलं, "वहिनी, चूक त्यांची नव्हती. दुखत नाही म्हणाले तेव्हा मीच त्यांना सुधरलात म्हणून सांगितलं. वजन केलं नाही, साखर बघितली नाही. अ च्या जवळपास आलात, हे मी म्हटलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्यांचं चुकलं. मे महिन्यात ते सगळं स्वतःवर घेत होते, आणि मी घेऊ दिलं."

ती ऐकत होती. रडेल असं वाटलं, रडली नाही. ओरडेल असं वाटलं, तेही नाही. सुपातल्या डाळीवरून तिनं एकदा हात फिरवला, एक खडा सापडला तो अंगणात टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे त्याईले सांगाचं होतं जी, बाई," ती म्हणाली.